रविवारच्या सह्या

रेगडे सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली सुपारीएवढा एक जांभळा डाग असे. शर्ट रोज बदलत, डाग बदलत नसे. त्या खिशात ते एक रबरी शिक्का बाळगीत आणि त्या शिक्क्यावर एकच शब्द होता: 'कळविले'. आमच्या भागातील एका प्राथमिक शाळेचे ते बरीच वर्षे मुख्याध्यापक होते, आणि त्या वर्षांत शाळेत जे जे तुटले, गळले, बिघडले वा आजारी पडले, ते ते त्यांनी या एका शब्दाखाली गाडून टाकले.

मागील आठवड्यात मला संस्थेच्या कार्यालयातून एक पत्र आले. श्री. विनायक रेगडे सेवानिवृत्त होत असून त्यांच्या कार्याचा गौरव करणारी स्मरणिका निघत आहे. सबब 'पालक म्हणून आपला अनुभव शंभर शब्दांत, गौरवपर, लिहून द्यावा.' शंभर शब्दांत मला विलंबमाफीचा साधा अर्जदेखील लिहिता येत नाही, आणि गौरवपर लिहिण्याइतका मी अजून थकलेलो नाही. प्रस्तुत मजकूर त्या स्मरणिकेसाठी नाही. शाळेचे नाव मी लिहीत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या मुलांच्या शाळेतही असा एखादा शिक्का असण्याचा पूर्ण संभव आहे.

माझ्याविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. मी दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. होळी नावाच्या वस्तीच्या बाजूला आमची वाडी आहे. वडिलांच्या वेळी तेथे पानवेल होती, आता सोनचाफा आणि थोडी केळी आहेत. सकाळी झाडांना पाणी घालणे आणि दुपारी पत्रे लिहिणे हा माझा दिनक्रम. मुलगा आणि सून मुंबईला नोकरीला जातात, दिवस उजाडण्यापूर्वी निघतात. त्यामुळे नात रेवा हिचा डबा, गणवेश, गृहपाठ आणि शाळेशी असलेला सर्व व्यवहार माझ्याकडे होता. ही रेवा तिसरीत असताना जवळजवळ एक पूर्ण सत्र शाळेत पाणी प्यायली नाही. त्याला रेगडे सर जबाबदार होते. आणखी एक माणूस तितकाच जबाबदार होता. त्याचे नाव योग्य ठिकाणी येईल.

सर उंचीने बेताचे, आवाजाने मऊ, आणि मानेतून सदैव किंचित पुढे झुकलेले. जणू समोरच्याला काहीतरी कळवायचे राहून गेले आहे. मनवेलपाड्याहून ते स्कूटरने येत आणि हेल्मेट टेबलावर अभ्यागताकडे तोंड करून ठेवीत, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आपण दोघांशी बोलत आहोत असे वाटे, आणि ऐकून घेण्याच्या बाबतीत त्या दोघांत फारसा फरक नसे. त्यांनी कधी कोणावर आवाज चढविला नाही, कोणाचा अपमान केला नाही, कोणाचे पत्र अनुत्तरित ठेवले नाही. अशा माणसाचा राग येणे फार अवघड असते. मला ते जमले; मला सराव होता.

स्वतः काही करण्याची भाषाच त्यांच्या तोंडात नव्हती. "बसण्यात यावं, तात्यासाहेब," ते म्हणत. "चहा घेतला जावा." मी पहिल्यांदा गेलो ते पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण नसल्याबद्दल. टाकीत कावळा बसलेला मी स्वतः पाहिला होता. मी रीतसर पत्र दिले, त्यात पिण्याच्या पाण्याविषयीचे शाळेचे कर्तव्य क्रमवार मांडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून पालकांना तसे कळविण्यात आले आहे.' खाली शिक्का. टाकीत कावळा.

न्यायालयात मी टाळाटाळीचे सगळे प्रकार पाहिले होते. तारखा मागणारे पाहिले, कागद गहाळ करणारे पाहिले, साक्षीच्या सकाळी नेमके आजारी पडणारे पाहिले. उत्तर देऊन टाळणारा माणूस मी तेथे प्रथम पाहिला. मी दुसरे पत्र दिले, त्याचेही उत्तर तिसऱ्या दिवशी. मी समक्ष गेलो तेव्हा ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "तात्यासाहेब, शाळा सुधारत असते. सुधारलेली शाळा म्हणजे काम संपलेली शाळा."

हे वाक्य त्यांचे फार आवडते होते. ते त्यांच्या साप्ताहिक पत्रकाच्या डोक्यावर छापलेले असे. पत्रकाचे नाव 'प्रगतीचे पाऊल'. दर शनिवारी ते पालकांच्या मोबाइलवरील ग्रुपवर येई: शाळेत या आठवड्यात काय सुधारले, मुले किती आनंदी आहेत, कोणता दिन साजरा झाला. खाली पालकांच्या जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागे. मला त्या जोडलेल्या हातांचा अर्थ कधी कळला नाही. नमस्कार होता की विनवणी, कोण जाणे.

एका पत्रकात 'स्वच्छ हात' उपक्रमाचे छायाचित्र होते. नळांच्या रांगेपुढे मुले उभी, सगळ्यांचे हात एकमेकांवर चोळलेले, चेहरे गंभीर. मी रेवाला विचारले, "साबण कोणता होता गं?"

"साबण नव्हता आजोबा. पाणी पण नव्हतं. सर म्हणाले, फोटोत पाणी दिसत नाही."

हे त्या उपक्रमाचे तंतोतंत वर्णन होते. मी छायाचित्र मोठे करून पाहिले. एकाही नळाखाली एकही थेंब नव्हता. तीस-चाळीस मुलांनी कोरडे हात चोळून दाखविले होते आणि ग्रुपवर कोणीतरी लिहिले होते, 'खूप छान सर, असेच संस्कार हवेत.'

त्याहून अव्वल होता तो 'आनंद-फलक'. मुलांच्या मनाची काळजी घ्यावी असे वरून काही पत्र आले असावे, कारण एका सोमवारी प्रत्येक वर्गात एक फलक लागला. सकाळी आल्यावर प्रत्येक मुलाने आपल्या नावापुढे पिवळा सूर्य किंवा करडा ढग चिकटवायचा. आनंदी असेल तर सूर्य, नसेल तर ढग. पहिल्या आठवड्यात रेवाच्या वर्गात अकरा ढग लागले. कोणाची आजी आजारी होती, कोणाला मागच्या बाकावरचा मुलगा चिमटे काढीत होता, एकीचे मांजर हरवले होते. दुसऱ्या आठवड्यापासून पत्रकात मोठ्या अक्षरांत येऊ लागले की शाळेतील प्रत्येक विद्यार्थी आनंदी आहे.

"एका आठवड्यात सगळे आनंदी कसे झाले?" मी विचारले.

"ढग संपले," रेवा म्हणाली. "डब्यात आता फक्त सूर्यच आहेत."

मी तत्काळ पत्र लिहिले. उत्तर तिसऱ्या दिवशी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सरांचे खरे राज्य म्हणजे सूचना-वही. प्रत्येक मुलाजवळ अशी एक वही असे; आठवड्याला एक पान, पानावर सहा चौकोन, प्रत्येक चौकोनात सूचनेसाठी चार ओळी आणि खाली 'पालकांची सही'. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक जाडजूड मुख्य नोंदवही होती. तिच्यात लिहिलेली सूचना सर स्वतः वर्गावर्गात जाऊन वाचीत, मुले ती आपल्या चौकोनात उतरवून घेत. ही वाचनाची फेरी सरांना पूजेसारखी होती. चष्मा पुसायचा, नोंदवही डाव्या हातावर आडवी धरायची आणि लोण्यासारख्या आवाजात वाचायचे. मजकूर काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नसे. खाली सही आहे एवढे ते पाहत. एकदा संस्थेच्या चिटणीसांनी शिक्षकांसाठी काढलेली सूचना चुकून त्या नोंदवहीत आली. सरांनी ती पहिलीपासून चौथीपर्यंत सर्व वर्गांत वाचली. सहा-सात वर्षांच्या मुलांनी जीभ बाहेर काढून, वळणदार अक्षरात लिहून घेतले की 'शिक्षकांनी तासाला मोबाइल पाहू नये.' घरोघरी पालकांच्या सह्या त्याखाली झाल्या. कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

कारण त्या सह्या आधीच झालेल्या होत्या.

याचेही मूळ सरांच्याच एका नियमात होते. ज्या मुलाच्या वहीत रोजची सही नसेल त्याला प्रार्थनेनंतर मागे उभे राहावे लागे. इकडचे अर्धे आईबाप अंधारात घर सोडतात आणि मुले पेंगल्यावर परततात. रोज वही पाहणार कोण? मग हळूहळू एक रिवाज पडला. रविवारी जेवण झाले की वही काढायची आणि येणाऱ्या आठवड्याच्या सहाही चौकोनांत एकदम सह्या करून टाकायच्या. जूचंद्रहून येणाऱ्या मुलांकडे हाच रिवाज, आमच्या वाड्यांमध्ये हाच, नव्या इमारतींतही हाच. मुले त्याला 'रविवारच्या सह्या' म्हणत. शाळेला हे ठाऊक होते. सरांना तर ते आवडत असे. सोमवारी सकाळी येतानाच आख्खी शाळा आठवडाभराच्या सूचना मान्य करून आलेली असे.

अशा त्या काळात एके दिवशी रेवाच्या दप्तराचे ओझे मला हाताला लागले. ती घरी आली, मी दप्तर उचलले, आणि पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती. मला वाटले, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारले. ती म्हणाली, "तहान नाही लागली." घरी येताच ती उभ्या उभ्या दोन तांबे पाणी पीत असे आणि नंतर मोरीकडे धावत असे. मी मूर्खासारखा हवेतल्या गरमीला दोष देत राहिलो. दिवाळीनंतर तिला ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टर बाईंनी तपासले, रेवाशी दोन शब्द एकटीशी बोलल्या आणि बाहेर येऊन माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी न्यायालयात आरोपीकडे वळलेली पाहिली आहे.

"दिवसभर धरून ठेवते ती," त्या म्हणाल्या. "पाणीही पीत नाही, जायला लागू नये म्हणून. शाळेत काय आहे ते बघा."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोके होती. दार वाऱ्याने आपोआप उघडत होते आणि समोरच मुलांचे मैदान होते. शाळेच्या शिपाई मंगलाबाई तेथे झाडू घेऊन उभ्या होत्या. मिठागराकडच्या गावातल्या, पन्नाशीच्या, सरळ बोलणाऱ्या.

"कधीपासून हे असं आहे?" मी विचारले.

"शाळा सुरू झाली तवापासून, तात्या. मी दार धरून उभी रवते, पन मला आफिसात हाक मारली का पोरी परत फिरतात. कोन जाईल उघड्या दाराला? पोरी पानीच नाय पीत आता. बाटल्या भरून आनतात, भरून नेतात."

"तुम्ही सरांना सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. सर बोलले, कळविलंय."

मी त्या आठवड्यात चार पत्रे लिहिली. एक मुख्याध्यापकांस, एक संस्थेस, एक शिक्षणाधिकाऱ्यांस, एक पुन्हा मुख्याध्यापकांस, कारण पहिल्याचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले होते. प्रत्येक पत्रात माझा मुख्य आरोप एकच होता आणि तो मला अभेद्य वाटत होता: कडी तुटणे ही चूक असेल, परंतु पालकांपासून ती दडवून ठेवणे हा गुन्हा आहे. ज्या शाळेने आम्हांला कोरड्या हातांचे फोटो पाठविले, तिने या दाराविषयी एक ओळ पाठविली नाही.

अखेर पालक-शिक्षक सभा बोलाविण्यात आली. वर्गातल्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून पंचवीस-तीस पालक बसले होते. बाजूच्या टेबलावर सगळ्या मुलांच्या सूचना-वह्यांचे गठ्ठे होते; सरांनी त्या 'तपासणीसाठी' त्या दिवशी मागून घेतल्या होत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ज्याचे कागद तयार असतात त्याच्यावर घाईने आरोप करू नये हे मी आयुष्यभर वकिलांना सांगत आलो होतो.

मी उभा राहिलो, क्रमवार बोललो. सभेचा रंग माझ्या बाजूने होता.

"सर, हे ग्रुपवर का नाही टाकलं?" एका मुलीची आई म्हणाली. "माझी मुलगी पण बॉटल भरलेली आणते. मला वाटलं, आळशीपणा करते."

मागच्या बाकावरचा एक तरुण बाप म्हणाला, "रोज सूर्य पाठवताय सर, फुलंबिलं पाठवताय. बाथरूमचा एक फोटो नाही? कमाल आहे यार." लोक हसले.

सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "पालकांना कळविण्यात आलं होतं," ते म्हणाले.

"कोणाला? केव्हा? कसं?" मी गरजलो. "एका पालकाचं नाव सांगा!"

"तात्यासाहेब, आपल्या रेवाची वही उघडली जावी का?"

त्यांनी गठ्ठ्यातून वही काढली, मागची पाने उलटली आणि माझ्या हातात दिली. जूनमधल्या एका सोमवारचा चौकोन होता. रेवाच्या गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते: 'मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी नादुरुस्त आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन आहे. तोपर्यंत मुलींनी घरूनच जाऊन यावे व शाळेत पाणी बेताने प्यावे.' खाली 'पालकांची सही'. सही पूर्ण नावाची होती, लफ्फेदार, आणि तिच्याखाली दोन समांतर रेघा होत्या. अशा दोन रेघा मारण्याची सवय या तालुक्यात फक्त एका माणसाला आहे.

वर जे नाव राखून ठेवले होते ते हे. माझे.

मीही रविवारच्या सह्या करीत होतो. रेवाला एकदा प्रार्थनेनंतर मागे उभे केले होते, तेव्हापासून. मी स्वतःची समजूत घातली होती की ती सही संमती नाही, केवळ पोच आहे. आणि पोच तरी कशाची? कोऱ्या चौकोनाची! कोऱ्या कागदावर सही करू नका, हे मी हयातभर न्यायालयाच्या व्हरांड्यात अंगठेबहाद्दरांना ओरडून सांगितले. त्यांतले बरेच जण ऐकत. मी स्वतः दर रविवारी जेवणानंतर ओट्यावर बसून, सुपारी कातरता कातरता, सहा कोऱ्या चौकोनांखाली ऐटीत सही करीत होतो.

वर्गात पानांची सळसळ सुरू झाली. प्रत्येक जण आपापल्या मुलाची वही शोधीत होता. "अहो, माझी पण आहे," मघाची ती आई हळूच म्हणाली. तरुण बापाने आपली वही मिटून मांडीखाली घातली.

"राग मानला जाऊ नये," सर मऊ आवाजात म्हणाले. "सगळेच पालक रविवारी करतात. शाळेला ते सोयीचं पडतं."

मला कायदेशीर उत्तर सुचत होते. मजकूर सहीनंतर भरला गेला, सबब ती सही बंधनकारक नाही, असे मी सिद्ध करू शकलो असतो. पण त्यासाठी मला त्या सभेत आधी हे सिद्ध करावे लागले असते की मी न वाचता सही करणारा माणूस आहे. मी म्हणालो, "ही सही माझी आहे," आणि त्या बुटक्या बाकावर खाली बसलो. सरांनी सभावृत्तान्तावर शिक्का उठविला. प्रस्ताव विचाराधीन राहिला.

घरी रेवा झोपाळ्यावर बसून बार्ली पीत होती. मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"कडी नाही म्हणून. पाणी पिऊ नका म्हणाले म्हणून."

तिने माझ्याकडे असे पाहिले की मीच काहीतरी विचित्र बोलत होतो. "तुम्हाला माहीत होतं ना. तुमची सही होती खाली. मी लिहिलं तेव्हा आधीपासूनच होती." मग एक घोट घेऊन म्हणाली, "तुम्हीच म्हणता, सही केली म्हणजे आपण ते वाचलं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ निकाल ऐकले. इतका छोटा आणि अपील नसलेला एकही नाही.

त्या आठवड्यात मी एकही पत्र लिहिले नाही. शनिवारी सकाळी बाजारातून एक सहा इंची कडी आणली, घरातून गिरमिट आणि पेचकस घेतला आणि शाळेच्या फाटकातून सरळ आत गेलो. मंगलाबाईंनी एक शब्द न विचारता स्टूल आणले.

"तात्या, जुनी भोकं मोठी झालीत. वर घ्या थोडी."

"मुलींचा हात पोचला पाहिजे."

"मग खाली घ्या. धरते मी."

चौथा स्क्रू बसत असताना मागे चपलांचा आवाज आला. सर उभे होते, हातात मोबाइल. "तात्यासाहेब, परवानगी घेण्यात आली आहे का?"

"नाही."

"अर्ज देण्यात आला आहे का?"

"नाही."

आयुष्यात अर्जाशिवाय केलेले हे माझे पहिले काम. सर खरोखर गोंधळले. मी चूक करतो आहे असे त्यांना वाटत नव्हते. याची नोंद कोणत्या सदरात घ्यावी हे त्यांना कळत नव्हते. मग चेहरा उजळला. त्यांनी मला आणि मंगलाबाईंना बाजूला सरकायला सांगून कडीचा फोटो काढला. (पुढच्या 'प्रगतीचे पाऊल'मध्ये तो 'शाळेच्या पुढाकाराने' या शीर्षकाखाली आला. त्याखालीही जोडलेले हात होते.) मग आत जाऊन ते मुख्य नोंदवही घेऊन आले, कोरे पान उघडले आणि पेन माझ्यापुढे धरले.

"काम समाधानकारक झालं, एवढी आपली सही असावी. आधी सही केली जावी, तात्यासाहेब. मजकूर मी नंतर भरतो."

हे वाक्य ते उच्चारीत असताना त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. लबाड माणसाला सभा आठवली असती. या माणसाला एका आठवड्यापूर्वीची सभा, ती वही, माझे खाली बसणे, यांतले काहीही कळले नव्हते. त्याने ते फक्त कळविले होते.

"मजकूर मीच लिहितो," मी म्हणालो. स्टुलावर नोंदवही ठेवून, उभ्यानेच, मी सहा-सात ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या आणि मग सही केली. खाली दोन रेघा मारल्या. सरांनी मजकुराकडे पाहिले नाही. सही पाहिली, खिशातून शिक्का काढला, हुं करून त्यावर फुंकर घातली आणि उठविला. घड्याळ पाहिले. फेरीची वेळ झाली होती.

मी तिसरीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर थांबलो, हातात गिरमिट तसेच होते. सर आत गेले. मुलांनी वह्या उघडल्या. सरांनी चष्मा पुसला, नोंदवही डाव्या हातावर आडवी घेतली आणि त्याच लोण्यासारख्या आवाजात वाचू लागले:

"मुलींच्या स्वच्छतागृहाला आजपासून कडी आहे. ती आतून लागते. पाणी बेताने प्यावे, ही सूचना चूक होती..."

येथे ते अडखळले. नजर पानाच्या तळाशी गेली. सही होती, दोन रेघा होत्या, शिक्का होता. ते पुढे वाचू लागले.

"...आणि तिच्याखाली सही करणाऱ्या मोठ्या माणसांनी ती वाचलेली नव्हती. त्यात मुलींचा काही दोष नाही. यापुढे प्रत्येकीने तहान लागेल तेव्हा पोटभर पाणी प्यावे. कोणाची परवानगी लागत नाही."

पेन्सिली खरखरत होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिणे संपविले आणि हात वर केला.

"सर, म्हणजे आत्ता पिऊ?"

सरांनी नोंदवहीत पाहिले. पान उलटले, पुन्हा मागे आणले. या प्रश्नाचे उत्तर तेथे लिहिलेले नव्हते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून, माझ्या ओळखीच्या निळ्या बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. मग शेजारचे. मग मागच्या रांगेतली एकामागून एक. वर्गभर मुली माना मागे टाकून, डोळे मिटून, घटाघटा पाणी पीत होत्या. फळ्यापुढे रेगडे सर नोंदवही उघडी धरून उभे होते. आपल्या शाळेत प्रथमच काहीतरी सुधारताना ते पाहत होते, आणि त्यांचा हात चाचपडत खिशातल्या शिक्क्याकडे जात होता.